उपासाचे ताट आणि दोन उंच गावे



आज मी तुम्हाला प्रवासाला नेणार आहे. पण प्रवास सुरू होणार आहे आपल्या रिसोडच्याच एखाद्या स्वयंपाकघरातून, तोही एकादशीच्या दिवशी. चुलीवर भगर शिजते आहे. शेजारी शेंगदाण्याची आमटी उकळते आहे. ताटात साबुदाण्याची उसळ आहे, बटाट्याची भाजी आहे, उकडलेले रताळे आहे, राजगिऱ्याचा लाडू आहे, आणि तोंडी लावायला हिरव्या मिरचीचा ठेचा आहे. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते काही उगीच नाही!

आता या ताटाकडे जरा नीट पाहा. यातल्या कोणत्या गोष्टी आपल्या मातीतल्या? तुम्ही म्हणाल, सगळ्याच. आपल्या आज्या-पणज्यांनी याच पदार्थांवर उपास केले. पण मंडळी, बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अँडीज पर्वतावरचा. भुईमूग दक्षिण बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिना या भागातला. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद ब्राझीलच्या बाजूचा. आज तो तामिळनाडूत सेलमच्या परिसरात भरपूर पिकतो, ही गोष्ट वेगळी. रताळे, राजगिरा आणि मिरचीसुद्धा अमेरिका खंडांतलीच. पोर्तुगीज आणि इतर दर्यावर्दी लोकांच्या जहाजांतून गेल्या पाचशे वर्षांत या वस्तू आपल्याकडे आल्या, आणि इतक्या आपल्या झाल्या की देवाच्या उपासालाही चालू लागल्या.

मग या ताटात आपले असे काय उरले? उरली ती भगर. ती मात्र या देशाची आहे, आपल्या डोंगरांची आहे.

म्हणजे एका ताटात दोन डोंगर भेटतात. एक जवळचा, आपल्या वऱ्हाडच्या उत्तरेचा सातपुडा. दुसरा पृथ्वीच्या पार पलीकडचा, अँडीज. आज या दोन डोंगरांवरच्या दोन गावांत आपण फिरू, तिथे काय पाहावे ते पाहू, आणि तिथे काय खावे तेही पाहू. पहिले गाव चिखलदरा. दुसरे बोलिव्हिया देशातले ला पाझ.

चिखलदऱ्याला जायला रिसोडहून वाशीम, तिथून अकोला, मग अकोट, अंजनगाव, परतवाडा असा रस्ता. शिक्षक बंधुभगिनींनी या रस्त्यावर मुलांना झोपू देऊ नये. वाटेतल्या याच अंजनगाव सुर्जीला ३० डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज आणि शिंदे यांचा तह झाला. परतवाडा सोडले की घाट लागतो. सागाची झाडे, बांबूची बेटे, वळणामागून वळण. एखाद्या मुलाला मळमळते, त्याला पुढच्या बाकावर बसवावे. आपला भाग समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, आणि चिखलदरा सुमारे अकराशे मीटर. म्हणजे आपण दुप्पट उंचीवर पोचतो. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, या हिशेबाने तिथे आपल्यापेक्षा तीन-चार अंश गारवा असतो. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात त्या चार अंशांची किंमत काय, ती ज्याची त्याला ठाऊक!

पाहायला पुष्कळ आहे. भीमकुंड आहे. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकले, म्हणून ही कीचकदरा, आणि तिचेच पुढे चिखलदरा झाले, अशी कथा लोक सांगतात. देवी पॉइंट आहे, पंचबोल आहे. कॉफीची झाडे आहेत. इंग्रजांच्या काळात इथे कॉफी लावली गेली आणि ती टिकली. शेजारी गाविलगड आहे. गवळ्यांचा गड तो गाविलगड. बहामनी सुलतान अहमदशहा याने १४२५ साली तो पक्का बांधला. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला, आणि दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. हाच वेलस्ली पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. मुलांना हे गडाच्या दरवाजात उभे करून सांगितले, तर पुस्तकातली सनावळी पाठ करायची गरज पडत नाही.

पण मला तुम्हाला सांगायचे आहे ते जेवणाचे.

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही शाळेची सहल घेऊन तिथे गेलो होतो. पहिल्या दिवशी मुलांनी काय खाल्ले असेल? कचोरी, समोसा, आणि पुड्यातले कुरकुरीत काहीतरी. रिसोडच्या बसस्थानकासमोर जे मिळते तेच, फक्त दोन रुपये जास्त देऊन! मला वाईट वाटले. एवढ्या लांब यायचे, डोळ्यांनी नवा डोंगर पाहायचा, आणि जिभेने मात्र गाव सोडायचेच नाही, ही कसली सहल?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जवळच्या एका कोरकू वस्तीत गेलो. मेळघाटात कोरकू लोकांची वस्ती मोठी आहे. त्यांची भाषा ना मराठीच्या कुळातली, ना तेलुगूच्या. ती मुंडा कुळातली. झारखंडातली संथाली आणि मुंडारी या तिच्या बहिणी. एका घरी आगाऊ सांगून ठेवले होते. पानांवर वाफाळता भात वाढला गेला. बारीक दाण्याचा, मऊ, किंचित करडा. वर पातळ डाळ. मुले पाहतच राहिली. शेवटी सातवीतला एक मुलगा हळूच म्हणाला,

“गुरुजी, आज एकादशी हाय काय?”

सगळी मुले हसली. वाढणाऱ्या बाईंना आधी काही कळेना. मी समजावून सांगितले, की मावशी, हे आमच्याकडे उपासाला खातात. त्यांनाही हसू आले. त्या म्हणाल्या,

“उपासाले? आमचं त हे रोजचंच हाय जी. पोट भराले खातो आमी.”

श्रोतेहो, त्या हसण्यात मीही सामील झालो, पण ते वाक्य मनात रुतून बसले. ते कुटकीचे धान्य होते. कुटकी म्हणजेच वरी, म्हणजेच आपली भगर. आपण वाण्याकडून पांढरीशुभ्र भगर आणतो ती बहुधा सालपट पुष्कळसे काढलेली असते. त्यांची घरी कांडलेली, म्हणून करडी. दाणा तोच. तो आपल्या घरी येतो तेव्हा पवित्र होतो. त्यांच्या घरी असतो तेव्हा आपण त्याला गरिबाचे धान्य म्हणतो. हा न्याय कुठला?

मेळघाट हे नाव आपण वर्तमानपत्रात बहुधा बालकांच्या कुपोषणाच्या बातमीत वाचतो. १९९० नंतरच्या दशकापासून ते नाव त्या दुःखाशी जोडले गेले. त्याची कारणे अनेक आहेत आणि ती एका भाषणात मावणारी नाहीत. पण एक गोष्ट साध्या डोळ्यांना दिसते. कुटकी, कोदो, सावा ही धान्ये हलक्या, उताराच्या जमिनीत, थोड्या पावसावर येतात. त्यांत तंतू आणि खनिजे भरपूर. पण ती कांडायला फार कष्ट पडतात आणि ते कष्ट बायांच्या वाट्याला येतात. बाजारात भाव मिळत नाही. त्यामुळे डोंगरातही आता सोयाबीन पोचले आहे, आपल्याकडे पोचले तसेच. पैसा हाती येतो खरा, पण घरातली कणगी रिकामी होते.

आता इथूनच दुसऱ्या डोंगराकडे वळू. कारण हाच प्रश्न तिथेही आहे, आणि त्यांनी त्याला तोंड कसे दिले ते आपल्याला उपयोगाचे आहे.

ला पाझ हे बोलिव्हियाच्या सरकारचे ठाणे. उंची सुमारे ३,६४० मीटर. चिखलदऱ्यासारखे तीन डोंगर एकावर एक ठेवावेत, तेव्हा तिथे पोचू. शहर एका खोल वाडग्यासारख्या दरीत वसले आहे आणि वाडग्याच्या काठावर, चार हजार मीटरांवर, एल आल्तो नावाचे दुसरे शहर आहे. विमान उतरते ते तिथे. पाठीमागे इयिमानी नावाचे सहा हजार मीटरांहून उंच हिमशिखर. आपल्याकडे श्रीमंताची माडी उंच आणि गरिबाची झोपडी खाली. तिथे नेमके उलटे आहे. खाली हवा जरा उबदार आणि दाट, म्हणून पैसेवाले दरीच्या तळाशी राहतात, आणि गरीब लोक वर, गार वाऱ्यात. २०१४ साली या दोन्हींना जोडणारे पाळणे सुरू झाले. तारेवरून लोंबत जाणारे हे पाळणे यात्रेतले नव्हेत, रोजच्या येण्याजाण्याचे. आज त्यांचे दहा मार्ग आहेत. वरची मजूर बाई त्यात बसून काही मिनिटांत खाली कामावर पोचते, आणि पाहुण्याला त्याच तिकिटात सारे शहर पायाखाली दिसते.

नव्या माणसाला तिथे पहिल्या दिवशी धाप लागते, डोके दुखते. हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने दोन-तृतीयांशच, म्हणून एका श्वासात प्राणवायू तेवढा कमी. तिथले लोक सांगतात, पहिल्या दिवशी हळू चाला, थोडे खा, गरम प्या. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांचा सल्ला याहून काही वेगळा नसता!

शहराच्या मुख्य चौकात, मुरियो चौकात, संसदेच्या इमारतीवर एक घड्याळ आहे. २०१४ पासून त्याचे काटे उलटे फिरतात. ही गंमत नव्हे, त्यात विचार आहे. आपल्या शाळेच्या अंगणात हिवाळ्यात एक काठी उभी रोवा. तिची सावली सकाळपासून संध्याकाळपर्यंत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सरकेल. मुळात काट्यांची दिशा ठरली ती उत्तर गोलार्धातल्या सावलीवरून. ला पाझ दक्षिण गोलार्धात. तिथे सावली उलटी फिरते. मग आमचे घड्याळ तुमच्या सावलीवर का चालावे, असे ते लोक विचारतात. गुरुजींनो, हा प्रश्न एकदा वर्गात विचारून पाहा.

आता जेवण. ला पाझला पाहुण्याने मोठ्या हॉटेलात बसण्यापेक्षा मंडईत जावे. सकाळी दहाच्या सुमारास लोक उभ्या उभ्या ‘साल्तेन्या’ खाताना दिसतात. आपल्या करंजीसारखा आकार, भट्टीत भाजलेली, आत मांस, बटाटा आणि भरपूर रस्सा. तो रस्सा अंगावर न सांडता खाणे ही तिथली परीक्षा. थंडीच्या सकाळी ‘आपी’ नावाचे जांभळ्या मक्याचे गरम पेय मिळते, त्यात दालचिनी आणि लवंग. आणि दुपारी मिळते शेंगदाण्याचे सूप. होय, शेंगदाण्याचेच! कच्चे दाणे वाटून, पाण्यात उकळून केलेले. आपली एकादशीची आमटीच की ती. फरक इतका की ते त्यात मांस आणि भाज्या घालतात आणि तिला उपासाशी काही देणेघेणे नाही. तोंडी लावायला टोमॅटो आणि झणझणीत मिरची दगडावर वाटून केलेली ‘याहुआ’. तो दगड पाहिला तर आपल्या बाया म्हणतील, हा तर पाटा-वरवंटाच!

एक गोष्ट लक्षात ठेवा, तिथे काहीही लवकर शिजत नाही. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी उष्णतेला उकळते. साधारण तीनशे मीटरला एक अंश असा ढोबळ हिशेब. आपल्याकडे ते ९८ अंशांच्या आसपास उकळते, चिखलदऱ्याला ९६ च्या, आणि ला पाझला ८८ च्याच आसपास. पाणी खळखळते, पण डाळ काही मऊ होत नाही. पुढच्या सहलीत शाळेचा तापमापक बरोबर न्या आणि चहाच्या आधणात धरून पाहा. विज्ञानाचा असा धडा मुले जन्मभर विसरत नाहीत.

तिथला बटाटा तर पाहण्यासारखा. काळा, जांभळा, पिवळा, वाकडा, बोटाएवढा. टिटिकाका सरोवराच्या आसपास माणसाने हजारो वर्षांपूर्वी तो लागवडीखाली आणला. आपल्याकडे जूनमध्ये पेरणीची घाई असते तेव्हा तिथे कडाक्याची थंडी. तेव्हा शेतकरी बटाटे रात्री उघड्यावर पसरतात. ते गोठतात. मग पायांनी तुडवून त्यातले पाणी काढतात आणि दिवसा उन्हात वाळवतात. याला ‘चुन्यो’ म्हणतात. हा वर्षानुवर्षे टिकतो. आपण उन्हाळ्यात खारोड्या आणि सांडगे वाळवून पावसाळ्याची बेगमी करतो, तसलीच ही बुद्धी. वाईट वर्ष येणार हे धरून चाललेल्या शेतकऱ्याची बुद्धी.

आणि तिथेच आहे ‘क्विनोआ’. आपल्या चाकवताच्या जातीचे झाड, राजगिऱ्यासारखा बारीक दाणा. स्पॅनिश राज्यकर्त्यांनी आणि पुढे शहरी लोकांनी त्याला डोंगरी लोकांचे खाणे म्हणून नाक मुरडले. नाक मुरडणे नुसते धान्यापुरते नव्हते. घेरदार घागरा आणि गोल टोपी घालणाऱ्या आयमारा बायांना शहरातल्या कित्येक उपाहारगृहांत अगदी अलीकडच्या काळापर्यंत आत घेत नसत. पुढे वारे फिरले. २००९ च्या राज्यघटनेने तिथल्या ३६ मूळ भाषांना मान दिला. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे क्विनोआचे वर्ष म्हणून पाळले. जगाने एकदम त्या दाण्याकडे धाव घेतली, भाव आकाशाला भिडले. ज्या बायांना दारात अडवत, त्यांच्याच पोशाखाचा आता शहर अभिमान बाळगते.

पण गोष्ट इथे संपत नाही. क्विनोआचे भाव चढले तसे दोन-तीन वर्षांत कोसळलेही, कारण इतर देशही तो पिकवू लागले. ज्यांनी सारी जमीन त्याच्याखाली घातली होती ते अडचणीत आले. यातून आपण काय घ्यावे? मला वाटते, दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, हिणवलेल्या धान्याला मान मिळू शकतो, आणि त्याबरोबर ते पिकवणाऱ्याची मानही ताठ होते. दुसरी, लांबच्या बाजाराची हौस हा भरवसा नव्हे. भरवसा असतो तो जवळच्या गिऱ्हाइकाचा, जो दरवर्षी येतो.

२०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून जगभर पाळले गेले. कुटकी, कोदो, सावा यांची नावे तेव्हा मोठ्या सभांत घेतली गेली. चांगले झाले. पण वर्ष संपते, फलक उतरतात. कुटकीचे जवळचे गिऱ्हाईक कोण? ते आपण आहोत. वाशीम, अकोला, बुलढाणा, अमरावती इथली घरे. महिन्याला दोन एकादश्या, शिवाय चतुर्थ्या, शिवरात्र आणि नवरात्र. वर्षभर आपण भगर विकत घेतो. ती कुठल्या डोंगरातून आली, कोणी कांडली, तिला काय मिळाले, हे एकदा तरी विचारू या.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. सहल चिखलदऱ्याला नेणार असाल तर मुक्कामाची चौकशी करता तशीच जेवणाचीही करा. तिथल्या एखाद्या बचत गटाला किंवा घराला आठ दिवस आधी कळवा, की आम्ही चाळीस माणसे येतो, तुम्ही रोज जेवता ते करा. योग्य ते पैसे द्या, घासाघीस करू नका. परत येताना प्रत्येक मुलाने अर्धा किलो कुटकी विकत आणावी आणि घरी आईला द्यावी. डबा-फराळ घरून न्यायला हरकत नाही, पण एक जेवण त्या डोंगराचे असू द्या. ज्या गावचे अन्न आपण त्या गावच्या माणसाच्या हातचे जेवलो नाही, ते गाव आपण अर्धेच पाहिले असे समजावे.

आणि माझ्या माता-भगिनींनो, येत्या एकादशीला ताट वाढाल तेव्हा जवळ बसलेल्या पोरांना सांगा, की ही भगर सातपुड्याची आणि हे दाणे अँडीजच्या बाजूचे. एक डोंगर एस.टी.च्या गाडीने गाठता येतो, दुसरा बहुधा आपल्याला कधी दिसणार नाही. पण दोन्हीकडे कोणी तरी वाकून हे धान्य कापले, म्हणून आपला उपास गोड झाला.

आमच्या त्या सातवीतल्या मुलाने त्या दिवशी तीनदा भात मागून घेतला. निघताना तो त्या बाईंना म्हणाला, “मावशी, आमच्या घरी एकादशीले या. आमी बी हेच खातो.”

मला वाटते, सहलीचे सारे पैसे तिथेच वसूल झाले.